बाळंतिणीची सोबत अत्यावश्यक सेवेत का नव्हती?

गाय पान्हा चोरते म्हणजे काय, हे खानदेशातल्या खेड्यात शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. धार काढायला नवा माणूस बसला, गोठ्यात कुत्रं शिरलं, वासरू नजरेआड झालं, की कास भरलेली असूनही ती दूध सोडत नाही. मग वासरू आणून लावतात, पाठीवरून हात फिरवतात, पुढ्यात ढेप ठेवतात. माझे वडील धार निघेपर्यंत गोठ्याच्या दारात कोणाला मोठ्यानं बोलू देत नसत. त्याच घरात बाळंतीण असली आणि बाळ रडायला लागलं, की चार बाया तिच्याभोवती उभ्या राहून विचारायच्या, ‘दूध येतंय की नाही तुला?’

पान्हा हा शब्द आपल्या भाषेनं गाईला आणि आईला एकच दिला आहे, आणि शरीरशास्त्र त्याला दुजोरा देतं. दूध तयार होणं आणि दूध उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार होतं प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे, उतरतं ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे. बाळ ओढू लागलं, त्याचा वास आला, नुसतं त्याचं रडणं कानावर पडलं तरी ऑक्सिटोसिन सुटतं. भीती, दुखणं, अपमान, सततचा ताण असला की तेच अडतं. दूध आत असतं, बाहेर येत नाही. आणि आतलं दूध रिकामं झालं नाही, की शरीर हळूहळू बनवणंच कमी करतं. म्हणून अंगावर पाजण्याचा प्रश्न हा आधी आईच्या मनाचा आणि तिच्याजवळ कोण बसलं आहे याचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. कोरोनाच्या काळात आपण नेमकी हीच बाजू सोडून दिली. आजही ती सोडलेलीच आहे, म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे.

माझ्या भाचीचं सासर शिरपूर तालुक्यात, माहेर चोपडा तालुक्यात. शेजारचे तालुके, तासाभराचा रस्ता, पण एक धुळे जिल्ह्यात आणि दुसरा जळगाव जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे गुढीपाडवा झाला की तिला आणायचं ठरलं होतं. डिंक, खारीक, अळीव असं सगळं माझ्या बहिणीनं फाल्गुनातच भरून ठेवलं होतं. २५ मार्च २०२० ला पाडवा होता, आणि त्याच दिवशी देश बंद झाला.

मे महिन्यात ती सासरीच बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी तिचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. ताप नव्हता, खोकला नव्हता. तिला वेगळ्या वॉर्डात हलवलं आणि बाळ सासूकडे दिलं. बाळाला डब्याचं दूध सुरू झालं, आईला कोणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी झाली आणि त्यामुळे अंगात कसकस आली. ती कसकस कोरोनाच्या खात्यात लिहिली गेली आणि तिची सुट्टी लांबली. वॉर्डात एकच बेसिन होतं. ती नळ सोडायची, कारण रडण्याचा आवाज बाकीच्या पेशंटना जाऊ नये, आणि पाण्याच्या धारेखाली स्वतःच्या हातानं दूध पिळून टाकायची. चीकदूध, पहिल्या दिवसांचं ते घट्ट पिवळं दूध, जे वाया घालवू नका म्हणून भिंतीभिंतीवर चित्रं रंगवलेली असतात, ते असं मोरीतून वाहून गेलं.

बाराव्या दिवशी बाळ हातात आलं तेव्हा ते बाटलीला सरावलं होतं. छातीशी धरलं की पाठ ताणून किंचाळायचं. सासरची माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. सासू घाबरली होती, कारण त्या आळीत दोन मृत्यू झाले होते. पण घाबरलेलं माणूसही टोचून बोलतं. ‘आमच्या म्हशीला येतं एवढं, हिला कसं येत नाही?’ माझी बहीण तिकडून व्हिडिओ कॉलवर सांगायची, पाठीला उशी लाव, डोकं असं धर, घाई करू नको. पडद्यावर अर्धी भिंत आणि अर्धा चेहरा दिसायचा, रेंज गेली की तेही जायचं. एका रात्री भाचीनं मला फोन केला आणि अगदी सपाट आवाजात म्हणाली, ‘मावशी, हे बाळ माझं आहे असं मला वाटतच नाही. त्याला तुम्ही घेऊन जा.’

बहिणीनं जिल्ह्याची हद्द ओलांडायच्या पाससाठी अर्ज केला होता. नामंजूर झाला. दुसरा केला, तोही झाला. वैद्यकीय कारणाला पास मिळायचा, पण बाळंतिणीजवळ जाऊन बसणं हे वैद्यकीय कारण आहे असं समोरच्या माणसाला वाटलं नाही. त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या समोरच्या यादीतच ते नव्हतं.

आईला बाळापासून तोडण्याची गरज होती का? जागतिक आरोग्य संघटनेनं सुरुवातीपासून सांगितलं होतं, की लागण झालेल्या आईनंही मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावं आणि बाळ तिच्याजवळच असावं. जून २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून तिनं हीच भूमिका पुन्हा मांडली. लागण करू शकेल असा जिवंत विषाणू आईच्या दुधात सापडत नव्हता, आणि अंगावर न पाजण्याचा धोका लागणीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा होता. सगळ्यांचं सुरुवातीला एकमत नव्हतं, हेही खरं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं एप्रिलमध्ये काही काळ वेगळं ठेवण्याकडे कल दाखवला होता, तो जुलैमध्ये बदलला. नव्या रोगासमोर डॉक्टर घाबरले तर मी समजू शकते. पण ताटातूट करताना कोणी कारण लिहून दिलं नाही, रोज पुन्हा विचार केला नाही, दूध काढून बाळापर्यंत पोचवता येईल का हेही पाहिलं नाही. याच देशात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून दूर करू नये, आणि केलंच तर दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा. मनाच्या आजारात आईचा जो हक्क आपण मान्य केला, तो लक्षणं नसलेल्या कोरोनात एका फोनवर काढून घेतला.

माहेर हा शब्द आला की आपण हळवे होतो आणि मग त्यावर गंभीरपणे बोलत नाही. मला ते गंभीरपणे बोलायचं आहे. बाळंतपणाला माहेरी जाणं ही आपल्याकडची आरोग्यव्यवस्था आहे, तिचं कुठे रजिस्टर नाही एवढंच. सव्वा महिना बाईला चूल नाही, पाणी भरणं नाही, रात्री बाळ रडलं तर उठायला दुसरं माणूस आहे. शेक आहे, धुरी आहे, आणि मुख्य म्हणजे जिच्यासमोर न लाजता रडता येतं अशी माय शेजारी आहे. शेक-धुरीचे फायदे-तोटे डॉक्टर सांगतील, काही गोष्टी सोडाव्यातच. पण झोप, गरम अन्न आणि न टोचणारं माणूस यांची बरोबरी करणारं औषध अजून निघालेलं नाही.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती. लेकीबाळींनी माहेरी यावं म्हणूनच आमच्याकडे आखाजी असते. गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात. त्या आखाजीला आमच्या गल्लीत एक झोका नव्हता. पुढच्या वर्षीची आखाजी १४ मे ला आली, तेव्हा दुसरी लाट होती आणि झोके पुन्हा नव्हते. लागोपाठ दोन वर्षं एका अख्ख्या प्रदेशातल्या पोरी माहेराला मुकल्या. सुरतेला दिलेल्या पोरींचं तर विचारूच नका. उधना, लिंबायतमध्ये खानदेशातली किती घरं आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. सुरत-भुसावळ पॅसेंजर ही त्यांच्यासाठी नुसती गाडी नव्हती. मेथीचे लाडू, बाळंतशेपा, आजीच्या लुगड्याची गोधडी आणि खुद्द आजी, सगळं त्याच गाडीनं जायचं. ती गाडी मार्चमध्ये थांबली.

त्याच दिवसांत रावेर-यावलकडची केळी मात्र उत्तरेत जात होती. शेतमाल अत्यावश्यक होता, ट्रकच्या काचेवर तसा कागद लागला, आणि ते बरोबरच होतं. केळी थांबली असती तर शेतकरी मेला असता. माझं म्हणणं एवढंच, की अत्यावश्यक काय हे ठरवायला जी माणसं बसली होती, त्यांत बाळंतपण काढलेली एखादी बाई बसली असती तर यादीत अजून एक ओळ वाढली असती.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. मी प्राथमिक शिक्षिका, आमच्या गावात आशाताईंबरोबर मीही घरोघर फिरले. एका घरी दोन महिन्यांची बाळंतीण दारात आली. आशाताईंनी तिच्या कपाळासमोर थर्मल गन धरली, ९७. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८. ‘छान आहे हं,’ असं त्या म्हणाल्या आणि ती बाई एकदम रडायला लागली. बोटाला यंत्र तसंच, आकडा ९८ वरच, आणि ती रडते आहे. आम्ही दोघी गोंधळून उभ्या. फॉर्ममध्ये ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब असे रकाने होते. हिचं काय लिहायचं? आशाताई दाराच्या पायरीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि अहिराणीत विचारलं, ‘जेवनी का व पोरी?’ गेल्या दोन महिन्यांत आपल्याला हे कोणी विचारलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. येणारं प्रत्येक माणूस बाळ पितं का, बाळाचं वजन वाढलं का, एवढंच विचारून जात होतं.

त्या दिवशी आम्ही दहा घरं कमी केली. आशाताईंना त्यावरून बोलणी बसली.

आता मूळ यंत्रणेकडे पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचं जे काम उभं केलं, त्यातून पुढे २०११ पासून देशभर आशांच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. फार चांगली व्यवस्था आहे, हजारो बाळं तिनं वाचवली आहेत. तिच्या नमुन्यात आईसाठीही प्रश्न आहेत. ताप आहे का, स्तनाग्राला चिरा पडल्या का, दूध कमी वाटतं का, आणि असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का. म्हणजे बाई भ्रमिष्ट झाली तर ती नोंदली जाईल. पण ती रात्र-रात्र जागी आहे, जेवण जात नाही, बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, विहिरीकडे पाहून मात्र वाटतं, हे लिहायला जागा नाही. भ्रमिष्टपणा हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य किती जणींना? २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचा, वीस हजारांवर बायांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात प्रमाण २२ टक्के निघालं. पाचांतली एक, आणि तेही कोरोना येण्याच्या आधी. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज याच संघटनेनं पुढे मांडला. बाळंतिणी त्यातून सुटल्या असतील असं मानायला काहीही आधार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. ‘आमच्या वेळी आठ-आठ बाळंतपणं झाली, असलं डिप्रेशन कोणाला ऐकलं नव्हतं.’ ऐकलं होतं, वेगळ्या नावानं. बाळंतवात म्हणत, बाहेरचं लागलं म्हणत, भगताकडे नेत. ‘बाळंतपणातच डोक्यात फरक पडला’ असं जिच्याबद्दल बोलतात अशी एक तरी आजी आपल्या नात्यात निघते. आणि ज्या तरल्या, त्या घट्ट काळजाच्या होत्या म्हणून तरल्या, एवढंच कारण नाही. त्यांच्या भोवती घरभर बाया होत्या. आपण तो सोबतीचा भाग विसरतो आणि घट्टपणा तेवढा सुनेकडे मागतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. स्तनपानासाठी वर्षानुवर्षं काम करणारी मंडळी म्हणतात, की आईच्या मनाच्या नावाखाली डब्याच्या दुधाला दार उघडू नका. ही भीती खरी आहे. कंपन्यांना आवरायला १९९२ चा कायदा करावा लागला, बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात त्यानं बंद केली. आणि कोरोनाच्या काळात डब्याची वाट कशी सोपी झाली ते मी वर सांगितलंच. पण माझ्या भाचीच्या हातात डबा कोणी दिला? जाहिरातीनं नाही, ताटातुटीनं दिला. पुढे तो सुटला नाही तो टोमण्यांमुळे. आईचं दूध सर्वोत्तम, हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः वर्गातल्या पोरींना ते शिकवते. तेच वाक्य ज्या बाईला जमत नाहीये तिच्या अंगावर फेकलं, की ती रोज आठ-दहा वेळा, दर पाजण्याला, नापास होते. तिला आधार मिळाला तर अनेकदा दूध येतं. आणि सगळं करूनही आलं नाही, तर वरचं दूध स्वच्छपणे, मान ताठ ठेवून पाजायची मुभा तिला हवी. बाळाला आई जिवंत आणि जागी हवी असते.

औषधांबद्दलही एक सांगते, कारण यावरून घराघरांत अडतं. नैराश्याची गोळी सुरू झाली की दूध बंद, हा समज सरसकट खरा नाही. सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात फार कमी उतरतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजत असतानाही दिली जातात. लसीचंही तसंच झालं. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा पाजणाऱ्या आयांना वगळलं होतं, १९ मे ला परवानगी मिळाली. या चार महिन्यांत ‘लस घेतली की दूध आटतं’ ही अफवा इतकी मुरली, की परवानगी आल्यावरही सासवा सुनांना केंद्रावर पाठवेनात. प्रत्यक्षात लसीनंतर दुधात प्रतिपिंडं सापडत होती. बाळंतिणीला वगळताना तिच्याशी बोलायचं राहून गेलं, की त्या रिकाम्या जागेत अफवाच शिरते.

कोणीच काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नंदुरबार जिल्ह्यात रेलू वसावे या अंगणवाडी सेविका नर्मदेतून स्वतः नाव वल्हवत पाड्यांवर गेल्या, गरोदर बायांना आणि बाळांना भेटल्या, कारण भीतीनं तिकडची माणसं इकडे येईनात. हात दुखायचे, तरी त्या जात राहिल्या. आपण त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मात्र सातपुड्यातल्या बाळंतिणीची सोबत एका बाईच्या दंडातल्या ताकदीवर अवलंबून असावी का, हा प्रश्न कौतुकात बुडाला. आशांनी जून २०२१ मध्ये संप केला तोही याच कारणानं. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये आणि वर कोरोनाचं काम. जिच्याकडून आपण बाळंतिणीचं मन जपण्याची अपेक्षा करणार, तिचंही मन आणि पोट आहे.

मग काय हवं? आशांच्या त्या सहा भेटींत आईसाठी दोनच प्रश्न वाढवा. झोप लागते का, आणि गेल्या आठवड्यात मन उदास किंवा घाबरं होतं का. उत्तर वाईट आलं तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारायला उपजिल्हा रुग्णालयात एक समुपदेशक बाई, जी अहिराणी आणि पावरी समजते. १४४१६ ही टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे, तो आकडा लसीकरणाच्या कार्डावर मोठ्या अक्षरात छापा, बाळाच्या वजनाच्या तक्त्याशेजारी. वाढीव प्रश्नांचे वाढीव पैसे आशांना द्या.

आणि साथीच्या काळासाठीचा नियम आत्ताच, साथ नसताना लिहून ठेवा. आई आणि बाळ एकत्र राहतील. वेगळं करायचं असेल तर डॉक्टर लेखी कारण देतील आणि रोज ते पुन्हा तपासतील. तोवर काढलेलं दूध बाळापर्यंत जाईल. आणि बाळंतिणीनं सांगितलेलं एक माणूस, माय असो, बहीण असो वा नवरा, तिच्याजवळ राहील, मध्ये जिल्ह्याची हद्द असो की राज्याची.

माझी बहीण शेवटी जूनच्या अखेरीस पोचली. ती गेली आणि सगळं बरं झालं, असं झालं नाही. दूध थोडं परत आलं, पुरेसं कधीच आलं नाही. भाचीला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं आणि ती दिवाळीपर्यंत औषधावर होती. पण पहिल्या रात्री ती सलग सहा तास झोपली, बाळ आजीच्या मांडीवर होतं. ते सहा तास तिला मे महिन्यात मिळायला हवे होते. पुन्हा कधी रस्ते बंद करायची वेळ आली, तर केळीच्या ट्रकच्या काचेवर लागतो तसा एक कागद माझ्या बहिणीसारख्या बाईच्या हातात पहिल्या दिवशी असला पाहिजे, आणि त्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असलं पाहिजे: बाळंतिणीची सोबत.